घोडा एकाकडे, टांगा दुसऱ्याकडे

भारतचा फोन आला तेव्हा मंजुषाचे हात कणकेत होते आणि ज्ञानेशचा आला तेव्हा ती हात पुसत होती. दोन फोनांत फरक म्हणायचा तर एवढाच.

"मंजू, त्याला सांग, दहाच्या आत शेडवर पोचायचं," भारत म्हणाला. "आणि सगळे साचे आण म्हणावं. चाकांचे आणले नि छताचे घरी राहिले, असलं काही चालणार नाही."

"ताई, दादाला विचार, घोड्याचे साचे खरंच आणतोय ना," ज्ञानेश म्हणाला. "का नुसताच येऊन खुर्चीत बसणार आहे?"

मंजुषाने दोघांनाही "सांगते" म्हटलं आणि कोणालाच काही सांगितलं नाही. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून ती हेच करत आली होती. थोरला भाऊ सिन्नरला, धाकटा नाशिकरोडला, आणि मधली बहीण इंदिरानगरात बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवणार. आईच्या वर्षश्राद्धाचं आमंत्रणसुद्धा तिनेच इकडून तिकडे नेलं होतं. त्यातले अर्धे शब्द ती वाटेत गाळायची, म्हणून तर दोघं अजून एका पंगतीला बसत होते. पण साठी उलटल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, ही नोकरी किती दिवस करायची? विमा कचेरीतून निवृत्ती मिळाली, यातून मिळत नव्हती.

तिने जेवणाच्या टेबलावरची बरणी उचलली. बरणीत फडक्यात गुंडाळलेली किल्लीची यंत्रं होती. एकावर एक बसलेली पितळी दातेरी चाकं, मध्ये वळलेली पोलादी कमान, म्हणजे स्प्रिंग, बाहेर किल्लीचा कान. महिनाभर दुपारी दुपारी बसून तिने ती जोडली होती. भाचा नवनाथ चाकं कापून आणून द्यायचा आणि ती चिमटा घेऊन बसायची. नवरा वैतागला होता, कारण महिनाभर त्याला ताट मांडीवर घेऊन जेवावं लागत होतं. ती मात्र कितीतरी वर्षांनी दुपारी झोपली नव्हती आणि तिला झोप आठवलीही नव्हती.

सिन्नरच्या वाटेवर ज्ञानेश गाडी चालवत होता आणि बोलत होता. मागच्या डिकीत पोत्यांवर त्याचे टांग्याचे साचे होते. प्रत्येक खड्ड्याला लोखंड दणकायचं आणि प्रत्येक दणक्याला ज्ञानेशला काहीतरी आठवायचं.

"अण्णांना मी सांगत होतो, प्लास्टिककडे चला. दादाने चालू दिलं नाही. पत्रा म्हणजे आपली ओळख म्हणे. ओळख घेऊन बसला, आता लोखंडी कपाटं विकतोय."

"तू काय विकतोस?" मंजुषाने विचारलं.

"टोमॅटोची क्रेट."

"मग झालं तर. दोघांनीही खेळणी सोडली."

ज्ञानेशने हॉर्न वाजवला. पुढे कोणीच नव्हतं.

निवृत्ती वडनेरे, म्हणजे अण्णा, तांबट आळीत हंडे ठोकणाऱ्या घरातले. स्टीलची भांडी आली आणि ठोकणाऱ्या हातांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी पत्र्याची खेळणी करायला घेतली. नाशिकरोड स्टेशनबाहेर टांग्यांची रांग लागायची, तिथे तासन् तास उभं राहून त्यांनी घोड्याची चाल पाहिली आणि किल्लीचा टांगा केला. किल्ली दिली की घोड्याचे पुढचे पाय हलायचे, चाकं फिरायची आणि टांगेवाला चाबूक उचलायचा. कुंभमेळ्याच्या वर्षी तो इतका खपला की सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी लावावी लागली. घोटीच्या बाजारापासून मुंबईच्या दुकानांपर्यंत ज्या घरात लहान मूल, त्या घरात टांगा. मंजुषा तेव्हा कॉलेजात होती. सकाळी कॉलेज आणि दुपारी यंत्रं जोडायच्या बाकावर. तिने जोडलेल्या यंत्रावर घोडा अडखळायचा नाही, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

पुढे दिवे लागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या परदेशी गाड्या आल्या. रस्त्यावरचे टांगे गेले, मुलांना टांगा म्हणजे काय हे सांगावं लागू लागलं. पत्रा का प्लास्टिक यावर दोन्ही भाऊ हमरीतुमरीवर आले, कारखाना बंद पडला, आणि अण्णांच्या पश्चात वाटणीला बसल्यावर भारत म्हणाला, घोडा माझा, त्याचे साचे अण्णांनी मला शेजारी बसवून केलेत. ज्ञानेश म्हणाला, मग टांगा माझा. मध्यस्थ म्हणून आलेल्या नातेवाइकांना घरी जायची घाई होती. त्यांनी माना डोलावल्या. घोडा सिन्नरला गेला, टांगा नाशिकरोडला. राहिली किल्लीच्या यंत्राची अवजारं. त्यांचं काय करायचं ते कोणालाच सुचेना, तेव्हा कोणीतरी म्हणालं, बहिणीला द्या, तिलाही काहीतरी गेलं पाहिजे.

शेड ज्ञानेशच्या मुलीची, दिशाची. तिने यंत्रांच्या आरेखनाचा अभ्यास केला होता, पुण्याची नोकरी सोडली होती आणि बापाच्या नाकावर टिच्चून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचे बेडूक, भिरभिरी आणि शिट्ट्या करायला सुरुवात केली होती. तिच्या जोडीला भारतचा मुलगा नवनाथ. बापांचं बोलणं नसलं तरी या दोघांचं उत्तम जमायचं. बेडूक चालले होते. पण दुकानदार विचारायचे, वडनेऱ्यांचा टांगा कुठाय? दिवाळीला टांगा बाजारात आणायचा तर नमुना उद्या सुरक्षा तपासणीला जायला हवा होता. म्हणून आजचा रविवार. तीन ठिकाणचे वाटे इतक्या वर्षांनी एका छपराखाली यायचे होते.

भारत आधीच येऊन खुर्चीत बसला होता.

"मंजू, त्याला सांग, गाडी सावलीत लाव. पत्रा तापतो."

ज्ञानेश तिच्या शेजारीच उभा होता. "ताई, त्याला सांग, मला कळतं."

मंजुषाने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि बरणी घेऊन बाकाकडे गेली.

काम सुरू झालं तशी तिची चिडचिड थोडी कमी झाली. नवनाथने आधी घोड्याचे साचे प्रेसवर चढवले. दणका बसला आणि कोऱ्या पत्र्यातून घोड्याची एक बाजू निघाली, मग दुसरी. मान, आयाळ, फुगलेल्या नाकपुड्या, सगळं जसंच्या तसं. भारत खुर्चीतून उठला. त्याने तो कोमट पत्रा तळहातावर घेतला आणि कोणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं. मग टांग्याची पाळी. छत, बैठक, दोन दांड्या, मोठी चाकं. आता ज्ञानेश पुढे सरकला.

दिशाने घोड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींत अडकवल्या, टांगा जोडला आणि त्याच्या दांड्या घोड्याच्या खाचेत घालायला गेली. दांड्या खाली राहिल्या, खाचा वर. तिने पुन्हा घालून पाहिलं. दांडी वाकली.

"खाच वर कशी गेली?" ती म्हणाली.

"ताई, दादाला विचार, घोड्याला काय केलं," ज्ञानेश म्हणाला.

"मंजू, त्याला सांग, दांड्या खाली आल्यात. घोडा जागेवर आहे."

"घोडा जागेवर असता तर खाचेची कड अशी ताजी नसती. विचार त्याला."

"त्याने कुठल्या कबाड्याकडून साचे दुरुस्त करून घेतलेत ते आधी विचार."

"काका, घोड्याचाच साचा बदललाय," नवनाथ हलकेच म्हणाला. त्याने साचा उजेडात धरला होता. जुनी खाच भरून काढलेली स्पष्ट दिसत होती. "बाबा, वरातीचा घोडा."

मंजुषाला मग आठवलं. वाटणीनंतर दोनेक वर्षांनी सिन्नरच्या यात्रेत पाठीवर नवरदेव बसलेला एक किल्लीचा घोडा आला होता. नवरदेव बसवायला खाचा वर घ्याव्या लागल्या असणार. तो घोडा विकला गेला नाही, कारण नवरदेवाच्या वजनाने तो पुढे तोंडावर पडायचा.

"म्हणजे अण्णांचा घोडा, अण्णांचा घोडा म्हणत यानेच त्याची वाट लावली," ज्ञानेश म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "ताई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मंजुषा म्हणाली. ती बाकावर टांगा उलटा धरून यंत्र बसवून बघत होती आणि तिचं यंत्र बसत नव्हतं. अण्णांच्या टांग्याच्या तळाला यंत्र घट्ट बसायचं, चिमटीने ओढलं तरी निघायचं नाही. इथे ते खुळखुळ्यासारखं हलत होतं. आसाची भोकं मोठी केलेली होती आणि शेजारी कसली तरी नवी भोकं होती. "ज्ञाना, ही भोकं कसली?"

ज्ञानेशने कपाळ पुसलं.

"ज्ञाना, मी विचारतेय."

"रिक्षा करून बघितली होती," तो म्हणाला. "मागे ओढून सोडली की पळणारी. घोड्याशिवाय काहीतरी करायचं होतं ना मला. घोडा कुठे होता माझ्याकडे?"

"पळाली?"

"भिंतीला धडकली की मोडायची."

भारत मोठ्याने हसला आणि ज्ञानेश तांबडा झाला. मग दोघंही एकदम बोलायला लागले. अर्थात मंजुषाशी. याला सांग, त्याला सांग, तेव्हा काय म्हणाला होता विचार, आईच्या आजारपणात कोण किती वेळा आला ते विचार. दिशा प्रेसला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. उद्याचा नमुना, दिवाळी, दुकानदारांना दिलेला शब्द, सगळं तिच्यासमोर वाकड्या दांडीसारखं लोंबकळत होतं आणि तिच्या घरचे दोन वयस्कर पुरुष रिक्षा आणि नवरदेवावरून भांडत होते.

मंजुषाला दोघांच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. ती बाकावरचा पसारा आवरायला लागली. सुटे भाग ठेवायला म्हणून तिने कोपऱ्यातल्या ढिगातलं एक नवंकोरं खोकं ओढलं. छापून आलेला खोक्याचा पहिला नमुना होता तो. वर रंगीत टांगा आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'वडनेरे बंधू'.

ती ते वाचत राहिली. हे नाव तिनेच पोचवलं होतं. भारत म्हणाला होता, त्याला सांग, नाव वडनेरे बंधू राहील. ज्ञानेश म्हणाला होता, ठीक आहे म्हणावं. दोन भावांचं एका गोष्टीवर तरी जमलं म्हणून तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं, घरी तिने गोड केलं होतं. बंधूंमध्ये बहीण कुठे बसते, हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"दिशा," ती म्हणाली, "माझ्या यंत्राच्या अवजारांचं काय ठरलंय?"

दिशाने डोळे पुसले. "म्हणजे आत्या? ती तू देणार आहेस ना. बाबा म्हणाले, तू दिलीस म्हणून."

"दादा, तुला काय वाटतं?"

"देणारच ना तू," भारत म्हणाला. "तुला काय करायचीत ती? माळ्यावर पडून होती."

"आणि तुझा घोडा कुठे होता? हॉलमध्ये?" मंजुषा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दिशा साच्यांपोटी जो वाटा देणार, त्यात घोड्याबद्दल तुझी निम्मी भागी. टांग्याबद्दल ज्ञानाची निम्मी. आणि यंत्र मी आहेर म्हणून द्यायचं. असंच ना? मी नाही देणार. मी यंत्र घेऊन इथे येणार. माझी भागी लावायची आणि त्या बाकावर मी बसणार. रोज."

भारतने तिच्याकडे पाहिलं, आणि मग असं काहीतरी झालं जे कैक वर्षांत झालं नव्हतं. त्याने मान वळवली आणि थेट धाकट्या भावाला हाक मारली.

"ज्ञाना, ऐकलंस का, ही काय म्हणतेय?"

"ऐकलं दादा," ज्ञानेश म्हणाला. "ताई, अगं असं मध्येच काय काढलंस?"

"तिच्या घरी काय कमी आहे का?" भारत ज्ञानेशला म्हणाला. "पेन्शन आहे, नवऱ्याचं आहे."

"तेच ना. आणि या वयात रोज सिन्नरला येणार? गुडघ्यांचं काय?"

"लोक काय म्हणतील, बहिणीला कामाला लावलं."

"बरोबर आहे दादाचं."

मंजुषा त्यांच्याकडे पाहतच राहिली. अण्णांच्या तेराव्यापासून ज्या क्षणासाठी तिने नवस बोलणं सोडून बाकी सगळं केलं होतं, तो क्षण असा आला होता. दोघं खांद्याला खांदा लावून उभे होते, एकमेकांची वाक्यं पुरी करत होते, आणि ते सगळं तिला दाराबाहेर ठेवण्यासाठी. तिला हसू येईना आणि रडूही येईना. वीतभर अंतरावर उभं राहून "त्याला सांग" म्हणणारी ही माणसं, आणि एकत्र यायला यांना एवढंच कारण सापडलं होतं.

"किल्लीची यंत्रं बाहेरही मिळतात," भारत ज्ञानेशला म्हणाला. "मुंबईहून आणू."

"आणा," मंजुषा म्हणाली. तिने बरणीचं झाकण लावलं, बरणी पिशवीत ठेवली आणि पिशवी खांद्याला अडकवली. "माझ्यासाठी खोळंबू नका. मी एसटीने जाईन."

"आत्या, थांब," नवनाथ म्हणाला. तो बापाकडे वळला. "बाबा, बाहेरची यंत्रं एका जुन्या टांग्याला लावून बघितलीत मी. दिशाला विचारा. बेडकाला ठीक आहेत. टांगा त्यांना ओढवत नाही. चार पावलं जातो आणि घोडा पाय वर करून उभा राहतो."

"मग जास्त ताकदीचं आणू."

"जास्त ताकदीचं लावलं की उलटतो. आत्याची कमान हळूहळू सुटते. तिने हाताने वळलेली असते."

दिशा प्रेसपासून बाजूला झाली. तिने बापाचे साचे उचलून त्याच्या पायाशी ठेवले आणि मग काकाचे काकाच्या पायाशी. लोखंड जड होतं, पण तिने नवनाथला हात लावू दिला नाही.

"बाबा, मोठे काका, शेड माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "आत्या नसेल तर मला टांगा नकोय. मी बेडूक करीन. पोट भरतं माझं बेडकावर. तुम्ही घोडा घरी न्या, तुम्ही टांगा घरी न्या. परत नवरदेव बसवा, रिक्षा करा, काय करायचं ते करा. मला दुपारच्या आत सांगा, कारण मला उद्याचं बघायचंय."

शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं. बाहेर कामगारांची जीप उभी राहिली आणि निघून गेली. ज्ञानेशने पायाशी पडलेल्या साच्यांकडे पाहिलं. डिकीत टाकून आणताना ते दणकत होते, ते परत तसेच दणकत नेऊन गॅलरीत कुठे ठेवायचे, याचा विचार त्याच्या तोंडावर दिसत होता.

"भागी म्हणजे किती?" त्याने विचारलं.

"तुमच्याइतकी."

"म्हणजे तीन वाटे."

"तीनच भावंडं होतो आपण," मंजुषा म्हणाली. "आईला विचारता आलं असतं, आता नाही येत."

भारत खुर्चीत बसला. मग उठला. "मंजू, तू चिडलीस ना," तो म्हणाला.

"हो. फार वर्षांपासून चिडलेय. तुम्हाला ते सांगायला मला कोणी मध्यस्थ मिळत नव्हता."

भारतने वाकून घोड्याचा साचा उचलला आणि नवनाथच्या हातात दिला.

"जुनी खाच मोकळी करता येईल का?"

"साच्यात आज नाही होणार बाबा. नमुन्यापुरती हाताने कापतो. टांग्याच्या भोकात पितळी बूच बसवतो. साचे मग दिशा नीट करेल."

"कर," भारत म्हणाला, आणि थोडं थांबून, "आत्याची पिशवी घे खांद्यावरून."

मंजुषाने पिशवी स्वतःच उतरवली. यंत्र बसलं, दांड्या खाचेत गेल्या, टांगेवाला बैठकीवर चढला. रंग नव्हता, पत्रा नुसता चकाकत होता. दिशाने किल्ली मंजुषाकडे दिली. तिने मोजून-मापून पीळ दिला आणि टांगा बाकावर ठेवला. घोड्याने एक पाय उचलला, थबकला. मग दुसरा पाय उचलला आणि टांगा टकटक करत निघाला. थोडा डावीकडे कलून, पण निघाला. टांगेवाल्याचा चाबूक वर झाला. ज्ञानेश हाताची घडी सोडून टांग्याबरोबर बाकाच्या कडेने सरकत गेला. भारतने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"डावीकडे जातोय," मंजुषा म्हणाली. "आस तिरका आहे. काढ परत."

तपासणीला एक नमुना पुरत नव्हता, जोडी पाठवावी लागणार होती. मंजुषाने चष्मा लावला, चिमटा घेतला आणि दुसरं यंत्र फडक्यावर मांडलं. भारत आणि ज्ञानेश बाकाच्या दोन टोकांना रिकाम्या हातांनी उभे होते. आता जावं का थांबावं, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं. तिला उजेड कमी पडायला लागला.

"उजेडातून बाजूला व्हा," ती म्हणाली. "आणि नुसते उभे राहू नका. कडा घासायच्यात. पोरांच्या बोटाला पत्रा लागता कामा नये, नाहीतर तपासणीत परत येईल. कानशी तिकडे आहेत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भारतने घोडा घेतला, ज्ञानेशने टांग्याचं छत घेतलं आणि दोघं खाली बारदानावर बसले. बराच वेळ कानशीचाच आवाज येत होता. भारतने घासून झालेल्या मानेवरून अंगठा फिरवला, समाधान झालं नाही म्हणून घोडा शेजारी धरला. ज्ञानेशने आपला अंगठा फिरवला.

"आयाळीपाशी लागतंय अजून," तो म्हणाला.

भारतने घोडा परत घेतला आणि आयाळ घासायला लागला.